श्वासातून घेतलेलं औषध फुफ्फुसात आणि शरीरात कसं वागतं: मॉडेलविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडातून येणारे प्रश्न दोन गटांचे असतात. काही फार्मसीच्या विद्यार्थ्यांचे, तर काही घरात कुणाला तरी दमा किंवा सीओपीडी आहे अशांचे. दोन्ही इथे एकत्र ठेवले आहेत, कारण रोटाहेलर (कॅप्सूलमधली पावडर श्वासाने ओढायचं यंत्र) ओढताना जे चुकतं तेच पुढे गणितात चुकतं.

१. मॉडेल म्हणजे नक्की काय? गणिताने औषधाचा ठावठिकाणा कसा लागतो?

हिशेब तीन टप्प्यांचा आहे. आधी कण कुठे बसले ते काढायचं: घशात, मोठ्या श्वासवाहिन्यांत, बारीक वाहिन्यांत की वायुकोशांत. मग बसलेल्या कणाचं काय झालं ते पाहायचं: तो विरघळला, बेडक्याबरोबर वर ढकलला गेला की पेशीत शिरला. शेवटी रक्त: औषध कुठल्या अवयवात किती गेलं, यकृताने किती मोडलं, लघवीतून किती बाहेर पडलं. पहिल्या टप्प्याला हवेच्या प्रवाहाची समीकरणं लागतात, दुसऱ्याला विरघळण्याची, तिसऱ्याला कप्प्यांची, म्हणजे शरीराचे भाग कप्पे मानून लिहिलेली. पहिला टप्पा चुकला तर पुढचे दोन कितीही नेटके असले तरी उत्तर चुकतं. म्हणून या पानावर जास्त जागा पहिल्या टप्प्याला दिली आहे.

२. पाकिटावर २०० मायक्रोग्रॅम लिहिलंय. म्हणजे २०० फुफ्फुसात जातात ना?

नाही. आकडे तीन असतात. लेबलवरचा डोस, यंत्राच्या तोंडातून खरोखर बाहेर पडलेला डोस आणि त्यातला ५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचा डोस. काही पावडर कॅप्सूलला आणि यंत्राला चिकटून राहते. बाहेर पडलेल्यातला मोठा भाग घशावर आदळतो आणि गिळला जातो. साध्या फवारा पंपाने, तंत्र बरं असेल तर, साधारण १० ते २० टक्के औषध फुफ्फुसात पोहोचतं. बेक्लोमेटासोन या स्टिरॉइडच्या अतिसूक्ष्म कणांच्या एचएफए (फवारा उडवणारा वायू) पंपाने ते ५० ते ६० टक्क्यांपर्यंत जातं.

विद्यार्थ्यांच्या मॉडेलमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच: लेबलचा आकडा थेट फुफ्फुसाच्या कप्प्यात टाकलेला असतो. यंत्रात राहिलेलं, घशातलं, फुफ्फुसातलं आणि उच्छ्वासाबरोबर परत गेलेलं, या चारांची बेरीज लेबलच्या डोसइतकी येते का, हे सर्वांत आधी तपासा.

३. कण कुठे बसणार हे कशावर ठरतं?

तीन गोष्टींवर. मोठा आणि वेगात असलेला कण वळणावर वळत नाही, सरळ जाऊन आदळतो. आंबा घाटाच्या वळणावर एसटीतली माणसं बाहेरच्या बाजूला फेकली जातात, तसंच. घशात आणि पहिल्या काही फाट्यांवर हेच घडतं. मध्यम कण बारीक वाहिन्यांत गुरुत्वाकर्षणाने खाली बसतात. अर्ध्या मायक्रॉनपेक्षा बारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत भिंतीला लागतात. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासच्या कणावर या तिन्हींची पकड सैल असते, म्हणून त्यातले बरेच उच्छ्वासाबरोबर बाहेर जातात.

इथे ‘आकार’ म्हणजे वायुगतिक व्यास. १ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर घनतेचा गोल कण ज्या वेगाने खाली बसेल, त्याच वेगाने आपला कण बसत असेल तर त्या गोलाचा व्यास धरायचा. शांत हवेत ५ मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे ०.७८ मिलिमीटर खाली येतो, १ मायक्रॉनचा फक्त ०.०३५ मिलिमीटर. श्वास १० सेकंद रोखला तर १ मायक्रॉनचा कण ०.३५ मिलिमीटर उतरतो. वायुकोश असतो ०.२ ते ०.३ मिलिमीटरचा. ‘औषध ओढल्यावर १० सेकंद श्वास धरा’ या सूचनेमागचं गणित हे आहे.

आदळण्याचा अंदाज स्टोक्स अंकावरून येतो. घनता गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले हवेचा वेग, भागिले (१८ गुणिले हवेची स्निग्धता गुणिले नळीचा व्यास). १.८ सेंटिमीटर रुंद श्वासनलिकेत, मिनिटाला ६० लिटर प्रवाहाला हवेचा वेग सेकंदाला सुमारे ३.९ मीटर होतो आणि ५ मायक्रॉनच्या कणाचा स्टोक्स अंक ०.०१७ येतो. प्रवाह निम्मा केला तर अंकही निम्मा. कण दुप्पट मोठा केला तर मात्र चौपट.

४. पंपाला ‘हळू ओढा’ आणि रोटाहेलरला ‘जोरात ओढा’, असं उलटं का सांगतात?

पंपात फवारा दाबाने आपोआप सुटतो. त्याचा वेग आधीच जास्त असतो, श्वासही जोरात घेतला की सगळं घशावर आदळतं. म्हणून ४ ते ५ सेकंदांचा संथ, खोल श्वास. पावडरच्या यंत्रात औषध मोठ्या लॅक्टोज कणांना चिकटलेलं असतं, आणि ते सुटं करण्याची ताकद तुमच्या श्वासातूनच येते. सुरुवातीपासून जोर लावला नाही तर कण सुटत नाहीत आणि लॅक्टोजसकट घशात पडतात. मॉडेलमध्ये हे दोन प्रकार एकाच प्रवाहावर चालवू नका. पावडरसाठी प्रवाह बदलला की कणांच्या आकाराचं वितरणही बदलतं, ते नव्याने मोजावं लागतं.

५. पावसाळ्यात रोटाकॅप मऊ पडतात, आत पावडरच्या गुठळ्या दिसतात. चालतं का?

गुठळी झालेली किंवा चिकट झालेली कॅप्सूल वापरू नका. कॅप्सूल जिलेटिनची असते आणि तिच्यात नेहमीच १३ ते १६ टक्के पाणी असतं. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर हवा सतत दमट राहते, जांभ्याच्या भिंतीही ओल धरतात. उघड्या डबीतली कॅप्सूल अशा हवेत आणखी पाणी ओढते. मग दोन गोष्टी बिघडतात. एक, मऊ कॅप्सूल नीट फुटत नाही, दबते. दोन, कणांमध्ये पाण्याचा पातळ थर साचून ते एकमेकांना घट्ट धरतात, आणि तुमच्या श्वासाचा जोर त्यांना सोडवायला पुरत नाही. औषध वजनाने तितकंच असतं, बारीक कणांचा वाटा मात्र घटतो.

काय करावं: डबीचं झाकण घट्ट लावा, आतली सिलिका जेलची पुडी फेकू नका, कॅप्सूल वापरायच्या क्षणीच आणि कोरड्या हाताने काढा. डबी न्हाणीघरात, चुलीजवळ किंवा खिडकीत ठेवू नका. फ्रिजमध्येही नको, कारण बाहेर काढल्यावर थंड डबीत दव धरतं. रोटाहेलरमध्ये तोंडाची हवा फुंकू नका. धुतल्यावर तो आतून पूर्ण कोरडा झाल्याशिवाय वापरू नका, आणि पावसात त्याला अख्खा दिवस लागू शकतो. रुग्णाला दर पावसाळ्यात त्रास वाढत असेल आणि घर फार ओलं असेल, तर पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) जमेल का हे डॉक्टरांना जरूर विचारा. पंपाचा डबा बंद असतो, बाहेरचा दमटपणा आतल्या औषधापर्यंत पोहोचत नाही.

६. हा दमटपणा मॉडेलमध्ये कसा घालायचा?

अंदाजाने ‘२० टक्के कमी’ असं काही घालू नका. मोजा. बंद डब्यात मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं तर २५ अंशांना सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के राहते, पोटॅशियम क्लोराइडने सुमारे ८५ टक्के. कोकणातल्या पावसाळ्यासाठी दुसरं द्रावण जास्त योग्य. कॅप्सूल त्या डब्यात उघड्या बशीत ठरावीक तास ठेवा, द्रावण कॅप्सूलला लागू देऊ नका. मग लगेच इम्पॅक्टरवर (कण आकारानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) चालवा. सोबत कोऱ्या, कोरड्या कॅप्सूलचा गट हवाच. प्रत्येक गटाच्या किमान तीन फेऱ्या करा.

नेक्स्ट जनरेशन इम्पॅक्टरचे सात टप्पे मिनिटाला ६० लिटर प्रवाहावर ८.०६, ४.४६, २.८२, १.६६, ०.९४, ०.५५ आणि ०.३४ मायक्रॉनवर कापतात. प्रवाह बदलला की हे आकडे बदलतात. १०० लिटरवर चालवून ६० चे आकडे लावणं ही नेहमीची चूक आहे. पावडर यंत्रासाठी प्रवाह असा ठरवतात की यंत्रात ४ किलोपास्कल दाबफरक पडेल, कमाल मर्यादा १०० लिटर. एकूण ४ लिटर हवा ओढायची, म्हणजे ६० लिटरला ४ सेकंद आणि १०० लिटरला २.४ सेकंद. प्लेटवर लेप लावायला विसरलात तर कण उडून खालच्या टप्प्यात जातात आणि औषध आहे त्यापेक्षा बारीक दिसतं.

७. फुफ्फुसाचा आकार कुठून आणायचा?

बहुतेक साधी मॉडेल १९६३ च्या वायबेल रचनेवर उभी आहेत. श्वासनलिका शून्यावी पिढी, मग प्रत्येक फाट्याला दुप्पट, तेविसाव्या पिढीला ८३,८८,६०८ नळ्या. पहिल्या १६ पिढ्या फक्त हवा नेतात, सतराव्यापासून वायुकोश सुरू होतात. स्प्रेडशीटच्या २४ ओळींत हे मॉडेल बसतं, आणि शिकायला त्यासारखं काही नाही.

एक खाच लक्षात ठेवा. वायबेलचं फुफ्फुस सुमारे ४८०० मिलिलिटरला मोजलेलं आहे, म्हणजे बरंच फुगलेलं. साधा उच्छ्वास सोडल्यावर प्रौढाच्या फुफ्फुसात ३००० च्या आसपास हवा उरते. म्हणून सगळ्या लांबी आणि व्यास (३०००/४८००) च्या घनमुळाने, म्हणजे ०.८५५ ने गुणा. भारतीयांची फुफ्फुसाची घनफळं युरोपीय तक्त्यांपेक्षा कमी येतात, तेव्हा ३००० सुद्धा डोळे मिटून घेऊ नका. स्पायरोमेट्रीसाठी (फुंकून करायच्या फुफ्फुसाच्या चाचणीसाठी) भारतीय संदर्भ तक्ते आहेत, ते वापरा.

८. मग सीएफडी, म्हणजे हवेची जागा बारीक जाळीत विभागून प्रवाह संगणकावर सोडवणं, कधी करायचं? ते जास्त अचूक नाही का?

घसा, स्वरयंत्र आणि पहिल्या काही फाट्यांसाठी करा. तेवीस पिढ्यांसाठी ते शक्यही नाही आणि गरजेचंही नाही. वरचा भाग सीएफडीने आणि खालचा प्रश्न ७ मधल्या साध्या मॉडेलने, अशी जोडणी सर्वांत उपयोगी.

सीएफडीमध्ये नेमकं बिघडतं ते असं. ६० लिटरला श्वासनलिकेतला रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळबळीचा हे सांगणारा) सुमारे ४७०० येतो, म्हणजे प्रवाह खळबळीचा. साधी खळबळ-मॉडेल भिंतीजवळची हालचाल सर्व दिशांना सारखी धरतात, प्रत्यक्षात भिंतीकडे जाणारी हालचाल दबलेली असते. परिणामी १ ते ३ मायक्रॉनचे कण भिंतीवर अवाच्या सवा बसलेले दिसतात. उत्तरात १ मायक्रॉनच्या कणांचा मोठा वाटा घशातच अडकलेला दिसला तर आधी हीच शंका घ्या. भिंतीजवळची दुरुस्ती लावा, पहिला जाळीथर वाय-प्लस (भिंतीपासूनचं मापरहित अंतर) १ च्या आसपास ठेवा आणि जाळी दुप्पट बारीक करून उत्तर हलतं का ते पाहा. दुसरी चूक घशाच्या आकाराची. औषधकोशातली (फार्माकोपियातली) ९० अंशाची सरळ नळी खऱ्या घशापेक्षा कमी कण अडवते. तिच्यावर जुळवलेलं मॉडेल फुफ्फुसातला डोस जास्त दाखवतं. तिसरी, स्थिर प्रवाह. पावडर पहिल्या अर्ध्या सेकंदात सुटते, तेव्हा श्वास अजून चढणीवर असतो.

९. फुफ्फुसात बसलेलं औषध लगेच रक्तात जातं का?

आधी ते विरघळायला हवं, आणि औषधाऔषधांत इथे प्रचंड फरक आहे. बारीक कणाला पूर्ण विरघळायला लागणारा वेळ ढोबळमानाने: घनता गुणिले त्रिज्येचा वर्ग, भागिले (२ गुणिले विसरण गुणांक गुणिले विद्राव्यता). ३ मायक्रॉन व्यासाचा कण आणि विसरण गुणांक सेकंदाला ५ × १०^−६ चौरस सेंटिमीटर धरा. फ्लुटिकासोन प्रोपिओनेट या स्टिरॉइडची पाण्यातली विद्राव्यता मिलिलिटरला सुमारे ०.१४ मायक्रोग्रॅम. उत्तर सहा तासांच्या आसपास येतं. ब्युडेसोनाइड या दुसऱ्या स्टिरॉइडची विद्राव्यता साधारण १४ मायक्रोग्रॅम, तोच कण चार मिनिटांत संपतो. फुफ्फुसातल्या द्रवात पृष्ठभाग-सक्रिय स्निग्ध द्रव्य असतं, त्यामुळे खरी विद्राव्यता वेगळी पडते. पण दोघांमधलं अंतर असंच मोठं राहतं.

दरम्यान मोठ्या वाहिन्यांत श्लेष्मा श्वासनलिकेच्या टोकाकडे मिनिटाला सुमारे ५ मिलिमीटर सरकत असतो. सावकाश विरघळणारा कण मध्येच वर वाहून जातो आणि गिळला जातो. म्हणून मॉडेलमध्ये मोठ्या वाहिन्यांचा न विरघळलेल्या औषधाचा कप्पा वेगळा ठेवा आणि त्यातून दोन वाटा काढा: विरघळणं आणि वर सरकणं. वायुकोशात दुसरी वाट जवळजवळ नाही. ब्युडेसोनाइडसाठी आणखी एक कप्पा लागतो, कारण पेशींत त्याचा स्निग्धाम्लांशी उलटता येणारा संयोग होतो आणि औषध तिथे टिकून राहतं.

१०. रक्तात सापडलेलं औषध फुफ्फुसातून आलं की पोटातून, हे कसं ओळखायचं?

उदाहरणासाठी धरलेले आकडे घेऊ. श्वासवाहिन्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे दोन फवारे, ४० फुफ्फुसात, १५० गिळले, १० यंत्रात. तोंडावाटे साल्ब्युटामॉलचा सुमारे निम्मा भाग रक्तात पोहोचतो. म्हणजे पोटातून ७५ आणि फुफ्फुसातून ४०! रक्तातली एकूण पातळी बघून ‘फुफ्फुसात छान पोहोचलं’ असं म्हटलं तर निष्कर्ष उलटा निघतो. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटचं तसं नाही. गिळलेल्या भागातलं १ टक्क्यापेक्षा कमी रक्तात येतं, म्हणून रक्तातलं जवळपास सगळं फुफ्फुसाचं. ब्युडेसोनाइड मध्ये कुठेतरी, ११ टक्क्यांच्या आसपास.

वेगळं करायच्या दोन पद्धती आहेत. सक्रिय कोळसा पाजून पोटातलं शोषण अडवायचं. किंवा साल्ब्युटामॉलसाठी पहिल्या ३० मिनिटांतली लघवी तपासायची, कारण पोटातला भाग तोवर फारसा आलेला नसतो. मॉडेल जुळवताना कोळशासह आणि कोळशाशिवाय अशी दोन्ही निरीक्षणं मिळाली तर फार मोठा आधार होतो.

११. स्टिरॉइड ओढल्यावर चूळ भरायला सांगतात. रक्तातलं कमी होतं म्हणून?

मुख्यतः तोंडात बुरशी येऊ नये आणि आवाज बसू नये म्हणून. रक्तातल्या पातळीवरचा परिणाम औषधावर अवलंबून आहे, वर प्रश्न १० पाहा. चूळ भरून थुंका, गिळू नका.

१२. शिरेतून दिलं तर अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) आठ तास आणि ओढून दिलं तर त्याहून जास्त. मॉडेल चुकलं का?

नाही, फ्लुटिकासोन प्रोपिओनेटबद्दल हे बरोबरच आहे. फुफ्फुसातून रक्तात यायचा वेग शरीरातून जायच्या वेगापेक्षा कमी आहे, म्हणून शेवटचा उतार शोषणाचा दिसतो, निष्कासनाचा नाही. फक्त ओढून दिलेल्या आकड्यांवर मॉडेल जुळवलं तर हे दोन स्थिरांक एकमेकांच्या जागी बसतात आणि सॉफ्टवेअर काहीही तक्रार करत नाही. निष्कासन आधी शिरेतल्या आकड्यांवरून पक्कं करा, मगच शोषण काढा.

१३. दमेकऱ्याच्या रक्तात निरोगी माणसापेक्षा कमी औषध सापडलं. असं कसं?

तीव्र दम्यात वाहिन्या अरुंद होतात. प्रवाह तोच राहिला तर स्टोक्स अंक व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. व्यास २० टक्क्यांनी घटला की अंक जवळपास दुप्पट. कण मोठ्या वाहिन्यांतच बसतात, आणि तिथून सावकाश विरघळणारं औषध वर वाहून जातं (प्रश्न ९). म्हणून फ्लुटिकासोन प्रोपिओनेट तीव्र दमेकऱ्यांच्या रक्तात निरोगी माणसांपेक्षा कमी सापडतं, ब्युडेसोनाइडमध्ये असा फरक फारसा दिसत नाही. निरोगी स्वयंसेवकांवर जुळवलेलं मॉडेल रुग्णांना जसंच्या तसं लावू नये, याचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. बंबाच्या आणि चुलीच्या धुरात वर्षं काढलेल्या बायकांच्या सीओपीडीलाही हेच लागू. तिथे काही भागांत हवाच पोहोचत नाही, म्हणजे औषधही नाही. असं फुफ्फुस एकसारख्या २४ ओळींत मांडता येत नाही.

१४. वादळात लाईट गेली आणि नेब्युलायझर बंद पडला तर?

दम्याच्या झटक्यात पंप आणि स्पेसर नेब्युलायझरइतकंच काम करतात. घरात हा जोड तयार ठेवा. पंप हलवायचा, एक फवारा, मग स्पेसरमधून श्वास, मग पुढचा. दोन-तीन फवारे एकदम मारले तर कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. लहान मुलाला मास्क चेहऱ्याला घट्ट लावून एका फवाऱ्यामागे पाचेक साधे श्वास. रडणाऱ्या मुलाच्या फुफ्फुसात फार थोडं पोहोचतं. किती फवारे हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, आणि बोलताना दम लागत असेल किंवा ओठ निळे दिसत असतील तर फवारे देत देतच दवाखाना गाठा.

प्लॅस्टिकच्या स्पेसरवर स्थिर विद्युत जमते आणि औषध भिंतीला चिकटतं. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा, फडक्याने पुसू नका, तसाच वाळू द्या.

१५. दमट हवेत नेब्युलायझरचे थेंब मोठे होतात का?

फुगत नाहीत, कमी आटतात. कोरड्या हवेत थेंबातलं पाणी उडून तो लहान होतो, आपल्याकडे पावसाळ्यात तो जवळपास तसाच राहतो. शिवाय फुफ्फुसात आर्द्रता ९९.५ टक्क्यांच्या आसपास असते, तिथे ०.९ टक्के सलाइनचा थेंब फारसा बदलत नाही. ३ किंवा ७ टक्क्यांचं तीव्र सलाइन असेल तर थेंब आत पाणी ओढून मोठा होतो, तेव्हा मॉडेलमध्ये वाढ धरावी लागते. पाण्याचे थेंब आणि पावडर यांना दमटपणाचा एकच नियम लावू नका.

१६. महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही. काय वापरावं?

कण बसण्यासाठी एमपीपीडी, सीएफडीसाठी ओपनफोम, शरीराच्या मॉडेलसाठी पीके-सिम, आणि स्वतःची समीकरणं लिहायची असतील तर आर भाषेतलं एमआरजीसॉल्व. चारही फुकट आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की नेट नसतानाही चालतात. पीके-सिममध्ये फुफ्फुस हा एक अवयव आहे, श्वासवाहिन्यांचे कप्पे तुम्हालाच जोडावे लागतील.

१७. इन्हेलरचं स्टिरॉइड इतकं कमी असतं, मग दुसऱ्या गोळ्यांनी काय बिघडणार?

बिघडू शकतं, आणि हा अपवाद औषध दुकानदारांनी लक्षात ठेवलाच पाहिजे. फ्लुटिकासोन आणि ब्युडेसोनाइड यकृतातल्या आणि आतड्यातल्या सीवायपी३ए४ या विकराने (एन्झाइमने) मोडतात. गिळलेल्या फ्लुटिकासोनचं १ टक्क्यापेक्षा कमी रक्तात येतं, ते मुख्यतः या विकरामुळे. एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाव्हिर किंवा बुरशीवरचं इट्राकोनॅझोल हा विकर रोखतात. मग पोटातला वाटा वाढतो आणि रक्तातलं औषध लवकर जात नाही. चेहरा गोल होणं, वजन वाढणं, अधिवृक्क ग्रंथी मंदावणं असे परिणाम इन्हेलरच्या डोसवरही झालेले आहेत. मॉडेलमध्ये आतड्यातलं आणि यकृतातलं मोडणं दोन्ही कमी करून पाहा, फक्त यकृताचं केलं तर धोका कमी दिसतो. फुफ्फुसातल्या ॲस्परजिलस बुरशीच्या ॲलर्जीसाठी दमेकऱ्याला इट्राकोनॅझोल मुद्दाम दिलं जातं, तेव्हा दोन्ही चिठ्ठ्या एकाच माणसाच्या हातात असू शकतात. इन्हेलर स्वतःहून बंद करू नका. दोन्ही चिठ्ठ्या डॉक्टरांपुढे एकत्र ठेवा आणि बेक्लोमेटासोनसारखा पर्याय चालेल का ते विचारा.